पंचगंगेत नद्या किती?

सामान्यज्ञानाची स्पर्धा भरवली नाही अशी शाळा आज शोधून सापडणार नाही. विज्ञान दिन असो, स्नेहसंमेलन असो वा एखाद्या थोर पुरुषाची जयंती, प्रश्नमंजूषा ठरलेलीच. बाजारात प्रश्नोत्तरांची पुस्तके मिळतात, मुले ती पाठ करतात, आणि घंटा वाजवून दोन सेकंदांत उत्तर देणाऱ्या मुलाचे आपण टाळ्या वाजवून कौतुक करतो. या स्पर्धांवर टीका करण्याचा माझा हेतू नाही. लहानपणी मीही त्यांत हिरीरीने भाग घेत असे. पण एका स्पर्धेत परीक्षक म्हणून माझ्या हातून जी चूक झाली, तिच्यामुळे मी या प्रश्नांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागलो. तेच येथे शिक्षक मित्रांपुढे मांडतो.

काही वर्षांपूर्वीच्या २८ फेब्रुवारीची ही गोष्ट. इचलकरंजीतील एका शाळेने मला परीक्षक म्हणून बोलावले होते. गाव माझेच. यंत्रमागांच्या खडखडाटात पाढे पाठ केलेल्या पिढीतला मी. इतिहास, विज्ञान, भूगोल, साहित्य आणि धर्मग्रंथ अशा पाच फेऱ्या होत्या. प्रश्नाची कार्डे शाळेनेच तयार केली होती आणि प्रत्येक कार्डाच्या मागे उत्तर लिहिलेले होते.

भूगोलाच्या फेरीत मी वाचले, "पंचगंगा नदी किती नद्यांच्या संगमाने बनते?" आठवीतल्या एका मुलीने घंटा वाजवली आणि म्हणाली, "चार." सभागृहात हशा पिकला. नावातच उत्तर असलेला प्रश्न, आणि तोही चुकला! मुलगी थोडी गोंधळली, पण म्हणाली, "सर, नकाशात चारच आहेत." मी कार्ड उलटून पाहिले. मागे 'पाच' असे लिहिले होते. मी फुली मारली आणि पुढचा प्रश्न घेतला. त्यानंतर स्पर्धा संपेपर्यंत तिने घंटेला हात लावला नाही.

नाव काय सांगते, नकाशा काय सांगतो

घरी आल्यावर मी जिल्ह्याचा नकाशा उघडला. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती. मोजून चार. पाचवी सरस्वती, पण ती नकाशात नाही, कारण ती गुप्त आहे असे परंपरा सांगते. कोल्हापूरजवळ चिखलीच्या प्रयाग संगमापासून पुढे नदीला पंचगंगा म्हणतात. तेथून ती पूर्वेकडे वाहत इचलकरंजीवरून जाते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. 'प्रयाग' या नावातच खूण आहे. उत्तरेतल्या प्रयागला गंगा आणि यमुना या दोन नद्या डोळ्यांना दिसतात आणि तिसरी सरस्वती गुप्त मानली जाते. तीच कल्पना आपल्याकडच्या संगमालाही लाभलेली दिसते.

म्हणजे कार्डावरचे 'पाच' हे उत्तर परंपरेचे होते आणि मुलीचे 'चार' हे उत्तर निरीक्षणाचे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर. प्रश्नाने मात्र आपण कोणते विचारतो आहोत हे सांगितलेच नव्हते. भूगोलाच्या फेरीत नकाशा पाहून दिलेल्या उत्तराला मी फुली मारली होती. विज्ञानात संशोधन करणाऱ्या माणसाला याहून लाजिरवाणे काय असणार?

आता यातून वर्गात काय करता येईल ते पाहू. 'गुप्त नदी आहे का?' हा प्रश्न मोजमापाने विचारता येतो. एखाद्या नदीतून दर सेकंदाला किती पाणी वाहते हे काढायचे असेल, तर पात्राच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ आणि पाण्याचा वेग यांचा गुणाकार करायचा. समजा, एक ओढा ४ मीटर रुंद आहे आणि त्याची सरासरी खोली अर्धा मीटर आहे. छेदाचे क्षेत्रफळ झाले २ चौरस मीटर. पाण्यावर टाकलेले संत्रे १० मीटर अंतर २० सेकंदांत कापते, म्हणजे पृष्ठभागाचा वेग सेकंदाला अर्धा मीटर. तळाशी आणि काठाशी पाणी सावकाश वाहते, म्हणून या वेगाला साधारण ०.८५ ने गुणावे. उत्तर येते सेकंदाला सुमारे ०.८५ घनमीटर, म्हणजे ८५० लिटर. हा प्रयोग मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली गुडघाभर पाण्याच्या ओढ्यावरच करावा. नदीत मुलांना उतरवू नये.

याच रीतीने चारही नद्यांचे पाणी मोजले आणि संगमाखाली पंचगंगेचे मोजले, तर बेरीज जुळायला हवी. प्रत्यक्षात ती तंतोतंत जुळणार नाही. मधले ओढेनाले पाणी आणून टाकतात, उसासाठी काठावरचे पंप पाणी उपसतात, काही पाण्याची वाफ होते. आणि एक फार महत्त्वाची भर असते ती जमिनीतून झिरपून येणाऱ्या पाण्याची. पाऊस थांबून महिने लोटले तरी नदी वाहत राहते ती धरणांतून सोडलेल्या पाण्यावर आणि या झिरप्यावर. भोगावतीवर राधानगरीचे धरण आहे. पण धरण नसलेला एखादा ओढाही दिवाळीनंतर वाहत असतो, तो कशाच्या बळावर? पावसाळ्यात मुरलेले पाणी हळूहळू पात्रात उतरते म्हणून. या अर्थाने जगातल्या प्रत्येक वाहत्या नदीत न दिसणारे पाणी येऊन मिळत असते. याने परंपरेतली सरस्वती सिद्ध होते असे मात्र कोणी समजू नये. मुद्दा एवढाच की एका 'चुकलेल्या' उत्तरात भूजलशास्त्राचा एक पूर्ण धडा दडलेला होता आणि मी तो हशावारी घालवला.

बिरुदामागचे कारण

इतिहासाच्या फेरीत गावाविषयी प्रश्न असणार हे उघडच होते. "महाराष्ट्राचे मँचेस्टर कोणत्या गावाला म्हणतात?" सगळ्यांनी एका सुरात 'इचलकरंजी' म्हटले. "येथे पहिला यंत्रमाग कोणी व कधी आणला?" "विठ्ठलराव दातार, १९०४." तेही बरोबर. जहागिरीचे अधिपती श्रीमंत नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी या उद्योगाला उत्तेजन दिले, हेही मुलांना ठाऊक होते.

परंतु मँचेस्टर म्हणजे काय, हे कोणी विचारले नाही. अहमदाबादला भारताचे मँचेस्टर म्हणतात, कोईमतूरला दक्षिण भारताचे. एकाच बिरुदाचे इतके धनी कसे? मूळ मँचेस्टरला कापड का तयार होऊ लागले? इंग्लंडात तर कापूस पिकत नाही. तो लिव्हरपूलच्या बंदरातून परदेशाहून येई. जवळ दगडी कोळसा होता, सुरुवातीला यंत्रे फिरवायला वाहते पाणी होते, आणि लँकाशायरची हवा दमट होती. कोल्हापूर जिल्हाही उसासाठी ओळखला जातो. कापसाची मोठी शेती विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात. म्हणजे 'जेथे कच्चा माल तेथे उद्योग' हा पुस्तकी नियम मँचेस्टरला लागू नाही आणि इचलकरंजीलाही नाही. मग काय लागू आहे? विणकरांचे कौशल्य, भांडवल, आश्रयदाता, वीज, बाजारपेठ. यांपैकी कशाचा वाटा किती, यावर नववी-दहावीच्या वर्गात तासभर चर्चा रंगू शकते.

दमट हवेचा मुद्दा तर सरळ विज्ञानाचा आहे. कापसाचा तंतू मुख्यतः सेल्युलोजचा असतो. बहुतेक तंतू भिजले की कमजोर होतात. व्हिस्कोस रेयॉन हे त्याचे ठळक उदाहरण. कापूस मात्र भिजल्यावर अधिक मजबूत होतो. पाणी शिरल्याने तंतूवरचा ताण सेल्युलोजच्या लांब साखळ्यांमध्ये अधिक सारखा वाटला जातो. उलट हवा कोरडी पडली की सूत ठिसूळ होते आणि मागावरचे उभे धागे वारंवार तुटतात. इचलकरंजीत ज्याच्या घरी माग आहेत त्या मुलाला धागे केव्हा जास्त तुटतात हे पुस्तक न वाचता माहीत असते. ताण्याला सायझिंगमध्ये खळ का देतात हेही त्याने पाहिलेले असते. पण असले ज्ञान स्पर्धेच्या कार्डावर येत नाही. म्हणून त्या मुलाला वाटते की आपल्याला सामान्यज्ञान नाही.

मोशे, नोहा आणि दोन सफरचंदे

धर्मग्रंथांच्या फेरीत बायबलवर काही प्रश्न होते. त्यांवरून मला मानसशास्त्रातला एक प्रसिद्ध प्रयोग आठवला आणि मधल्या सुट्टीत तो मी शिक्षकांवरच करून पाहिला. मी विचारले, "मोशेने तारवात प्रत्येक जातीचे किती प्राणी घेतले?" बहुतेकांनी तत्काळ सांगितले, "दोन. एक नर, एक मादी." वस्तुतः जलप्रलयाच्या वेळी तारू बांधले ते नोहाने. मोशे पुष्कळ नंतरचा. इजिप्तमधून आपल्या लोकांना बाहेर काढणारा. उत्तर देणाऱ्यांपैकी काहींना हे ठाऊक होते, तरी ते फसले.

एरिक्सन आणि मॅटसन या संशोधकांनी १९८१ साली हा परिणाम प्रसिद्ध केला. त्याला 'मोशे-भ्रम' म्हणतात. आपले मन प्रश्नातला प्रत्येक शब्द तपासत बसत नाही. साधारण जुळणारा शब्द आला की पुढे सरकते. मोशे आणि नोहा दोघेही बायबलमधले वडीलधारे पुरुष, दोघांच्याही कथेत पाणी, म्हणून खटकत नाही. आपल्या वर्गात हा प्रयोग करायचा असेल तर असे विचारून पाहा: "सीतेच्या शोधार्थ लंकेत गेलेल्या भीमाने लंका कशाने पेटवली?" भीम आणि हनुमान दोघेही वायुपुत्र, दोघेही बलवान. पुष्कळ मुले 'शेपटीने' म्हणून मोकळी होतील. घंटेची घाई जितकी जास्त, तितका हा भ्रम बळावणार हे ओघानेच आले.

गंमत येथे संपत नाही. मोशेऐवजी नोहा म्हटले तरी 'दोन' हे उत्तर पूर्ण नाही. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात प्रत्येक जातीचे दोन असे आहे, पण सातव्या अध्यायात शुद्ध मानलेल्या प्राण्यांची संख्या सात-सात सांगितली आहे. तीच गोष्ट इतर 'सर्वांना ठाऊक' उत्तरांची. येशूच्या जन्मानंतर पूर्वेकडून आलेले ज्ञानी पुरुष तीन होते असे आपण मानतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात त्यांची संख्या दिलेलीच नाही. सोने, ऊद आणि गंधरस या भेटी तीन, म्हणून माणसेही तीन झाली. योनाला देवमाशाने गिळले म्हणतात. मूळ कथेत नुसता 'मोठा मासा' आहे, आणि देवमासा तर मासाच नव्हे, तो सस्तन प्राणी.

एदेन बागेतल्या सफरचंदाची कथा तर भाषाशिक्षकांना विशेष आवडेल. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात फक्त 'फळ' असा उल्लेख आहे. सफरचंद आले कोठून? लॅटिनमध्ये 'मलुम' म्हणजे वाईट आणि 'मालुम' म्हणजे सफरचंद. रोमन लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा फरक सहसा दाखवत नाहीत, त्यामुळे दोन्ही शब्द सारखेच दिसतात. या श्लेषातून सफरचंद आले असे एक स्पष्टीकरण पूर्वीपासून दिले जाते. दुसरे मत असे की जुन्या फ्रेंचमध्ये 'पोम' म्हणजे कोणतेही फळ; पुढे त्या शब्दाचा अर्थ आक्रसून सफरचंद एवढाच राहिला आणि चित्रकारांनी तेच रंगवले. शब्दांचा अर्थ असा आक्रसतो याचा पुरावा आपल्याकडेही आहे. संस्कृतात 'मृग' म्हणजे कोणताही वन्य पशू. म्हणूनच सिंह हा मृगेंद्र आणि माकड हे शाखामृग. पुढे मृग म्हणजे हरीण एवढेच उरले.

विज्ञानाच्या फेरीतही एक सफरचंद होते, न्यूटनचे. "कशामुळे न्यूटनला गुरुत्वाकर्षणाचा शोध लागला?" "डोक्यावर सफरचंद पडल्यामुळे." न्यूटनने उतारवयात, १७२६ साली, स्ट्यूकली या आपल्या चरित्रकाराला बागेतल्या सफरचंदाची हकिकत सांगितली होती हे खरे. डोक्यावर पडल्याचा उल्लेख मात्र तीत नाही. आणि खरा प्रश्न 'फळ खाली का पडते' एवढाच नव्हता. फळाला ओढणारे बळ चंद्रापर्यंत पोचते का, हा तो प्रश्न होता. चंद्र पृथ्वीच्या केंद्रापासून पृथ्वीच्या सुमारे ६० त्रिज्या दूर आहे. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बळ कमी होत असेल, तर तेथे ते ३६०० पट कमी हवे. सफरचंद पहिल्या सेकंदात सुमारे ४.९ मीटर पडते. चंद्र आपल्या सरळ मार्गापासून सेकंदाला सुमारे १.४ मिलिमीटर वळायला हवा. आकाशातला चंद्र खरोखर तेवढाच वळतो. वूल्सथॉर्पच्या बागेतल्या त्या दिवसांपासून १६८७ साली 'प्रिन्सिपिया' प्रसिद्ध होईपर्यंत दोन दशके गेली. 'सफरचंद' या एका शब्दाच्या उत्तरात ही दोन दशके गडप होतात.

कसे कळले, आणि कधीपर्यंत खरे

साहित्याच्या फेरीत विचारले होते, "क्रिस्तपुराण कोणी लिहिले?" उत्तर: फादर थॉमस स्टीफन्स. हा इंग्रज धर्मोपदेशक १५७९ साली गोव्यात आला, येथली भाषा शिकला आणि बायबलची कथा त्याने सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत सांगितली. ग्रंथ १६१६ साली रोमन लिपीत छापला गेला. येथे खरा कुतूहलाचा प्रश्न पुढचा आहे. सतराव्या शतकात त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या, पण त्यांपैकी एकही प्रत आज ज्ञात नाही. मग आपण तो वाचतो कसा? लोकांनी जपलेल्या हस्तलिखितांवरून. १९०७ साली मंगळूरला सालढाणा यांनी ती मिळवून नवी आवृत्ती काढली. छापलेले नाहीसे झाले आणि हाताने लिहिलेले टिकले, ही गोष्ट इतिहासाच्या शिक्षकाने मुलांना अवश्य सांगावी.

"इचलकरंजीला १९७४ साली भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष कोण?" याचे 'पु. ल. देशपांडे' हे उत्तर मुलांनी झटकन दिले. पण त्या मांडवात बसलेली माणसे आजही गावात असतील. तेव्हा विशीत असलेले आज सत्तरीत आहेत. त्यांना जाऊन विचारावे, त्या वेळची वर्तमानपत्रे ग्रंथालयात शोधावीत आणि दोन्ही ताडून पाहावीत, हा एका सत्राचा सुंदर प्रकल्प होईल. तो लवकर करायला हवा हे वेगळे सांगायला नको.

उत्तरांना तारीखही असते. १९६० साली महाराष्ट्रात २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. ग्रह नऊ होते, २००६ सालापासून आठ मानतात. प्लुटो होता तेथेच आहे, 'ग्रह' या शब्दाची व्याख्या बदलली. इचलकरंजीची नगरपालिका २०२२ साली महानगरपालिका झाली. जुन्या पुस्तकातले उत्तर पाठ केलेला मुलगा चुकतो तेव्हा दोष त्याच्या स्मरणशक्तीचा नसतो. आणि काही उत्तरे कधीच खरी नसतात, तरी टिकून राहतात. २८ फेब्रुवारी हा सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांचा जन्मदिवस, असे त्या स्पर्धेतही एकाने सांगितले. रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ चा. १९२८ साली २८ फेब्रुवारीला त्यांनी रामन परिणामाचा शोध जाहीर केला, म्हणून १९८७ पासून आपण हा दिवस पाळतो.

एक सूचना

माझी सूचना साधी आहे. स्पर्धेचे कार्ड तयार करताना मागच्या बाजूला एक ओळ लिहितो, तेथे तीन लिहाव्यात. पहिली, उत्तर. दुसरी, हे कसे कळले: मोजून, वाचून, ऐकून की परंपरेने? तिसरी, हे कोणत्या सालापर्यंत तपासले आहे? ही कार्डे शिक्षकांनी करण्याऐवजी मुलांकडून करून घ्यावीत. दुसरी ओळ भरता आली नाही असे कार्ड स्पर्धेत घेऊ नये. आणि एक नियम करावा. कार्डापेक्षा वेगळे उत्तर देणाऱ्या मुलाला अर्धा मिनिट कारण सांगू द्यावे, आणि कारण पटले तर पूर्ण गुण द्यावेत. कार्ड तपासायची संधी दिल्याबद्दल त्याचे आभारही मानावेत. स्पर्धा थोडी लांबेल. प्रश्न वीसऐवजी दहा होतील. चालेल.

मी त्या शाळेला पत्र लिहून माझी चूक कळवली आणि मुलीचे उत्तर बरोबर धरावे अशी विनंती केली. मुख्याध्यापकांनी ते पत्र परिपाठाच्या वेळी वाचून दाखवले, असे नंतर समजले. निकाल जाहीर झालेला होता, तो बदलला नाही. पण पुढच्या वर्षी त्याच शाळेतून मला पुन्हा बोलावणे आले, आणि सोबत भूगोलाच्या फेरीची कार्डे तपासण्यासाठी आली होती. पंचगंगेचे कार्ड सर्वांत वर होते. मागे लिहिले होते: 'नकाशात चार. परंपरेने पाच. नकाशा आम्ही स्वतः पाहिला.'